एफ अक्षराची द्राक्षं

आमच्या गावात कुणाच्या जमिनीला चांगली म्हणू नये. म्हणायचंच असेल, तर आधी पळायची वाट बघून ठेवावी. "काय, यंदा मळ्यात बरंच उगवलंय म्हणे?" असं कुणी विचारलं, की समोरचा छातीवर हात ठेवून शपथ घेतो. "उगवतंय कुठलं! दगड आहे नुसता. परवा शेळी सोडली होती, उपाशी परत आली." आणि हे सांगताना गड्याचा चेहरा असा फुललेला असतो की विचारू नका.

दोउरो नदीच्या या खोऱ्यात द्राक्षमळ्यांना अक्षरं मिळतात. सरकारी माणूस येतो, गुण मोजतो आणि ए पासून एफ पर्यंत एक अक्षर चिकटवून जातो. पण ही परीक्षा उलटी असते. मळा खाली नदीकडे असेल, उन्हात भाजत असेल, माती नावाला आणि बाकी पाटीचा दगड असेल, वेली म्हाताऱ्या आणि चिक्कू असतील, तर गुण जास्त. अक्षर जितकं वरचं, तितका पोर्ट वाइन करायचा परवाना मोठा. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचा कडक अर्क ओतायचा, म्हणजे गोडवा तिथल्या तिथे थांबतो आणि पोर्ट होते. परवान्यात न बसलेल्या रसाची साधी वाइन, जेवताना प्यायची. पोर्टला मान होता. साध्या वाइनला आमच्या वडिलांच्या काळात तहानलेल्या माणसाशिवाय कुणी विचारत नव्हतं.

माझ्या मळ्याला बी आहे. मी बेल्मिरो, वय अडुसष्ट. माझ्या मळ्यात कुदळ मारली की ठिणगी उडते. मी हे गर्वाने सांगत नाही, पण सांगतो.

वरचा मळा माझ्या थोरल्या बहिणीचा, झुल्मिराताईचा. त्याला एफ. एफला बहुतेक वर्षी परवान्याच्या नावाने शून्य मिळतं, आणि मिळालाच तर घोटभर.

चाळीस वर्षांपूर्वी वडिलांनी डोंगरउताराची वाटणी केली तेव्हा सबंध मळ्याला एकच अक्षर होतं, डी. ताई थोरली, म्हणून निवड तिची. तिने वरचा, उत्तरेकडे वळलेला भाग घेतला. वर झरा होता, काळीभोर माती होती, संध्याकाळी वारा यायचा. शहाण्या माणसाने तेच घेतलं असतं. मला खालचा दगडधोंडा आला आणि मी आठ दिवस जेवलो नाही. मग दोन मळे झाले म्हणून सरकारी माणूस पुन्हा मोजायला आला, आणि कागद आले: खाली बी, वर एफ. त्या दिवसापासून मी पोटभर जेवतो आणि ताई मला "अक्षरवाला" म्हणते.

आता एक गोष्ट सांगतो, ती चाळीस वर्षं मी या गावात कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

माझ्या वेली इतक्या म्हाताऱ्या आहेत की परवान्यात लिहिलंय तेवढा रस त्या देतच नाहीत. पहिल्याच वर्षी हौद एक तृतीयांश रिकामा राहिला. तेव्हा मी ताईकडे गेलो आणि अगदी मोठ्या मनाने म्हणालो, "ताई, तुझी द्राक्षं कोण घेणार? आण माझ्याकडे. मी आपली साधी वाइन करून टाकतो. बहीणच आहेस शेवटी." ताईने द्राक्षं दिली. ती माझ्या हौदात गेली, माझ्या द्राक्षांबरोबर तुडवली गेली आणि बी अक्षराची पोर्ट होऊन बाहेर आली. कायद्याने हा गुन्हा आहे. पण त्या वर्षी गावच्या जत्रेत माझ्या पोर्टला पदक मिळालं. लोक म्हणाले, "गोड आहे, पण जीभ जड होत नाही. पिऊन झाल्यावर पुन्हा प्यावीशी वाटते." ती धार ताईच्या आंबट द्राक्षांची होती हे मला ठाऊक होतं. मी पदक खिशात घातलं. नंतर अशी एकवीस पदकं झाली.

आणि गेल्या वसंतात ताईने फेरमोजणीचा अर्ज केला.

"सत्तरी उलटली वन्संची," माझी बायको इदालिना मला म्हणाली, "आणि आता कुठे त्यांना अक्षर हवंय. नात झालीय ना, तिच्यासाठी स्वतःच्या मळ्यातल्या पोर्टचा पिंप भरून ठेवायचाय. तिच्या लग्नात उघडायला. मिळू दे हो बिचारीला."

"मिळू दे की," मी म्हणालो आणि मनातल्या मनात हिशेब मांडला. ताईला अक्षर मिळालं तर ती स्वतःची पोर्ट करणार. मग माझ्या हौदात काय पडणार? माझी पंचाईत! माझी पदकं तिच्या मळ्यातून येत होती आणि ती वाट आता बंद होणार होती.

गुण मोजायला कुणी येणार म्हटलं की आमच्याकडे शेजारी दगड घेऊन येतात. तशी रीतच आहे. शनिवारी अर्धं गाव पाठीवर टोपल्या घेऊन ताईच्या मळ्याकडे चढत होतं. दगड कुणाचे? माझेच. ताईने तोंडावर मागितले, "अक्षरवाल्या, तुझ्याकडे देवाने दुसरं काय दिलंय?" मी नाही कसं म्हणणार? ती काळी माती दगडांखाली झाकली गेली. ताईने झऱ्याचं तोंड फळी लावून बंद केलं. मळ्याच्या कडेला तिची कोबी होती, गड्डा न धरता दांड्यावर पुरुषभर उंच वाढणारी, जिच्या पानांचं सूप गावात नावाजलेलं होतं. तीसुद्धा मुळासकट उपटून तिने कोंबड्यांना घातली. कोबी जोमात आहे म्हणजे माती चांगली, हे सरकारी माणसाच्या आधी त्याच्या गाडीलाही कळतं.

सोमवारी सकाळी सरकारी मोजणीच्या इंजिनिअरबाई येणार होत्या. त्यांना वाट सापडावी म्हणून ताई खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मी पाठदुखीचं सोंग घेऊन घरी होतो. ताई वळणाआड गेली आणि माझी पाठ बरी झाली.

मागच्या पायऱ्यांनी मी वर गेलो. बरोबर माझ्या परसातली बारा कोबीची झाडं होती, घाईत कापलेली. ती मी रांगेने जमिनीत खोचली. झऱ्याची फळी काढली. पाणी खळखळत वेलींच्या ओळींमधून पळालं. दगड तेवढे हलवता आले नाहीत, कारण पाठीचं सोंग तेव्हा खरंच व्हायला लागलं होतं. मग भिंतीवर बसून घाम पुसत मी वाट बघत राहिलो.

इंजिनिअरबाई, नोएमिया नाव त्यांचं, तिशीतल्या, पायात पांढरे बूट. पहिल्याच पावलाला बूट चिखलात गेले.

"या, या, बाई!" मी म्हणालो. "काय जमीन आहे बघा! अख्ख्या खोऱ्यात अशी जमीन नाही."

ताई जागच्या जागी थांबली. "बेल्मिरो, तुझी पाठ दुखत होती ना?"

"बरी झाली. तुझ्या मळ्यातली हवाच तशी आहे, ताई. बाई, इथे ऑगस्टमध्येसुद्धा पहाटे दव पडतं. आम्ही खाली भाजून निघतो आणि आमची ताई इथे शाल पांघरून बसते."

"कधी पांघरली मी शाल? उन्हाने टाळकं फुटतं इथे, बाई. काल एक सरडा मेला!"

"झरा बघा, झरा! बारा महिने वाहतो. आणि द्राक्षं? ऑक्टोबर उजाडला तरी आंबट. खाल्ली की दात आंबलेच."

"गोड असतात! मधमाशा सोडत नाहीत!"

"उत्तरेचं तोंड आहे हो मळ्याला. वारा असा, की वाळत घातलेली कांबळी रोज शेजारच्या गावातून आणावी लागतात."

ताईचा चेहरा लालबुंद झाला. इंजिनिअरबाई वहीत भराभरा लिहून घेत होत्या. मला वाटलं, गुण कापतायत. मी आणखी चेव येऊन कोबीकडे हात केला. "आणि ही कोबी! सांगा, दगडात अशी उगवते का?"

बाईंनी एका झाडाला हात लावला. ते त्यांच्या हातातच आलं. त्यांनी खालचं टोक वर करून बघितलं. सुरीने कापलेलं स्वच्छ टोक होतं.

"काका, याला मुळं नाहीत."

"नसणारच," मी म्हणालो. "माती इतकी सुपीक आहे की मुळांची गरज पडत नाही."

ताईने त्या झाडाकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. हाताला माती होती. मला वाटलं होतं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इंजिनिअरबाईंनी खिशातून यंत्र काढलं, वर धरलं, आकडा बघितला. "मावशी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दगड कुणी आणले, कोबी कुणी लावली, हे मी लिहीत नाही. मला त्याची गरजच नाही. इथली समुद्रसपाटीपासूनची उंची पाचशे साठ मीटर आहे आणि मळ्याचं तोंड उत्तरेला आहे. एवढ्यातच सगळे गुण जातात. अख्खा डोंगर फोडून दगड पसरलात तरी एफच राहील. वाईट वाटतं मला."

म्हणजे मी काहीच केलं नसतं तरी ताई हरणारच होती. बारा कोबी फुकट गेल्या आणि वर बहिणीच्या डोळ्यांसमोर हात मातीचे झाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ताई भिंतीवर बसली आणि रुमालाने दोन्ही हात पुसत राहिली, जणू माती तिच्याच हाताला होती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण घशाखाली उतरेना.

आलेल्या माणसाला उपाशी पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही, मग तो कितीही वाईट बातमी घेऊन आलेला असो. इदालिनाने भट्टीत कोकराचं मांस आणि भात केला होता. ताईही आली. जेवण झाल्यावर मी, सवयीने, माझी पोर्ट बाहेर काढली. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मला त्या क्षणी काहीच खवखवलं नाही. पाहुण्याला पोर्ट द्यायची आणि पदकं दाखवायची, इतकं ते अंगात मुरलं होतं.

इंजिनिअरबाईंनी घोट घेतला. डोळे मिटले. पुन्हा घेतला.

"काका, तुमचा मळा नदीपासून किती वर?"

"शंभर मीटर. बी अक्षर!"

"मग हे कसं? एवढ्या खालच्या द्राक्षांना असा आंबटपणा येत नाही. यात वरची द्राक्षं आहेत." त्यांनी पेला खाली ठेवला. आवाज बदलला होता. "तुमच्या वेली किती वर्षांच्या म्हणालात? त्यांचं एवढं पीक येतं? तुमचा परवान्याचा कागद बघू जरा."

इदालिना माझ्याकडे बघत होती. तिलाही त्याच क्षणी कळलं, आणि चाळीस वर्षांत तिने मला इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं. परवाना गेला की अक्षर गेलं, आणि अक्षर गेलं की मी कोण? नुसता दगडांचा मालक.

"बाई," ताई म्हणाली. ती ताटातला भात शांतपणे गोळा करत होती. "याच्या वरच्या अंगाला मळा एकच. माझा. बरोबर?"

"हो, मावशी."

"आणि माझ्या मळ्याचं तुम्ही तासाभरापूर्वी काय लिहिलंत? पोर्टच्या लायकीची द्राक्षं तिथे होत नाहीत. तुमच्या सहीने लिहिलंत. मग माझी द्राक्षं या पोर्टमध्ये असती, तर ही पोर्ट इतकी चांगली लागली असती का?"

इंजिनिअरबाईंनी पेला पुन्हा उचलून एक घोट घेतला. मग त्या हसल्या. बराच वेळ हसल्या. "नाही, मावशी. सरकारी हिशेबाने तरी नाही."

"झालं तर मग. भात घ्या अजून."

बाई निघाल्या तेव्हा ताई त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेली. दोघी गाडीशी बराच वेळ बोलत होत्या. परत आल्यावर ताईने बाह्या सरसावल्या आणि इदालिनाबरोबर पेले धुवायला लागली. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या पदकापासून. माझ्या द्राक्षांची चव मला कळणार नाही होय रे? मी काय लाकूड खाऊन मोठी झाले?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू तू कधी सांगतोस." तिने एक पेला उजेडाकडे धरून बघितला आणि पुसला. "मला एक पिंप हवा होता, बेल्मिरो. माझ्या नावाचा. एकच. बाकी तुझी पदकं तुलाच ठेवली असती मी."

तेव्हा मी सगळं बोलायला हवं होतं. बोललो नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्याला माझा इलाज नाही.

जुलैमध्ये ताईच्या दारात एक अनोळखी गाडी आली. खाली शहरात साधी वाइन करणारा कुणी कायतानो म्हणून होता, तो उतरला. मळ्यात दोन तास फिरला. दुसऱ्या दिवशी बातमी गावभर झाली: एफ अक्षराचा सगळा माल त्याने एकरकमी ठरवला, तोही माझ्या पोर्टच्या रसाच्या वरच्या भावाने. मला हसूच आलं. दुकानात ताई भेटली तेव्हा म्हणालो, "कुणीतरी शहरी माणसाला गंडवलंस वाटतं?"

"मी कुठलं गंडवते? खोऱ्यात उन्हाळे दरवर्षी तापतायत. त्याला साध्या वाइनसाठी थंड, उंचावरची, आंबट द्राक्षं हवी होती. असा मळा शोधतोय म्हणे तो दोन वर्षं. इंजिनिअरबाईंनी त्याला त्यांची वही वाचून दाखवली." ताईने पाव पिशवीत टाकला. "पहाटे दव पडतं, उत्तरेचं तोंड आहे, झरा बारा महिने वाहतो, ऑक्टोबरपर्यंत आंबट राहतात. शब्द न् शब्द तुझा. मी सांगितलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं. पण भाऊ भाऊबंदकीत बहिणीच्या जमिनीची एवढी स्तुती करतो म्हणजे ती खरीच असणार, असं म्हणाला तो."

दुकानातले सगळे हसले. दुकानदाराने मला सुटे पैसे परत द्यायलाही वेळ लावला, इतका हसला.

सप्टेंबरात माझी तोडणी झाली. हौद दोन तृतीयांश भरला. रीतीप्रमाणे रात्रीची वाट न बघता भर दुपारीच मी द्राक्षं पायाने तुडवायला घेतली, कारण मला घाई होती, बघायची की कसं लागतं. रस पायाला चिकटत होता. तिसऱ्या दिवशी, रस आंबत असताना, अर्क घातला, चमचाभर चाखला. गोड होतं. काळं, जाड आणि गोड. बी अक्षराचं, शंभर टक्के माझं. दुसरा चमचा घ्यावासा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मी वर चढलो. तोडणी चालू होती. कायतानोची माणसं पायऱ्यांवर होती आणि ताई झऱ्याशी टोपल्यांवर पाणी शिंपडत उभी होती.

"ताई, चार टोपल्या दे."

"चार? कशाला रे? तुझा परवाना आहे, अक्षर आहे. आणि माझ्या द्राक्षांना पोर्टची परवानगी नाही. मी तुला गुन्ह्यात कशी ढकलू?"

"ताई."

"काय?"

"तुझ्या द्राक्षांशिवाय माझी पोर्ट म्हणजे काकवी आहे. पहिल्यापासून होती. पदकं तुझी आहेत, मी चोरली. चार टोपल्या दे."

ताईने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. माणसं ऐकत होती, ती तशीच ऐकत राहिली.

"चाळीस वर्षं तू माझी द्राक्षं नेतोयस," ती म्हणाली, "आणि दरवर्षी माझ्यावर उपकार करत नेतोयस. आज पहिल्यांदा मागितलीस."

तिचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. ते मी लपवले नाहीत, कारण हात मोकळे नव्हते. कधी कुणास ठाऊक, मी एक टोपली उचलून छातीशी धरली होती.

"खाली ठेव ती," ताई म्हणाली. "सगळं पीक विकलंय. यंदा एक घड मिळणार नाही." मग तिने माणसांना हाक मारून पाव, मासा आणि तिच्या मळ्यातली, गेल्या साली घरापुरती काढून भरलेली साध्या वाइनची बाटली मागवली, आणि भिंतीवर माझ्यासाठी जागा केली.

मी दोन पेले प्यालो. तिसऱ्यासाठी मात्र मला मागावं लागलं.